व्हिडिओची फाइल लहान केली की चित्र का बिघडतं? एन्कोडिंग समजून घेऊ

लग्नसराई उरकली की नाशिकमध्ये पेनड्राइव्हच्या तक्रारी सुरू होतात. लग्न गंगापूर रोडच्या लॉन्सवर थाटात झालेलं असतं, शूटिंगही चांगलं असतं. पण पेनड्राइव्ह घरच्या टीव्हीला लावला की चित्र दिसतं आणि आवाज येत नाही, किंवा काहीच दिसत नाही. मग घरातला कॉम्प्युटर जाणणारा मुलगा एखादं कन्व्हर्टर डाउनलोड करतो आणि रात्रभर मशीन चालू ठेवतो. सकाळी जी फाइल मिळते ती एक तर मूळ फाइलपेक्षा मोठी असते, नाहीतर तिच्यात नवरीच्या चेहऱ्यावर चौकोन उमटलेले असतात.

२०२७ चा सिंहस्थ जवळ येतोय. रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला शाही मिरवणुकांचं, स्नानाचं शूटिंग हजारो लोक करतील आणि त्यातले बरेच जण पुढे याच अडचणीत सापडतील. म्हणून हा विषय मुळापासून मांडतो. यात एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे: व्हिडिओची साइज आपण ठरवतो. सॉफ्टवेअर फक्त आपलं ऐकतं. काय ऐकवायचं हे कळलं की बाकीचं सोपं आहे.

कच्चा व्हिडिओ केवढा असतो?

फुल एचडी चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण वीस लाखांच्या वर. एका ठिपक्याचा रंग लिहायला ३ बाइट धरले तर एका चित्राला ६ एमबीपेक्षा जास्त जागा लागते. अशी चित्रं, म्हणजे फ्रेम, सेकंदाला २५. म्हणजे सेकंदाला सुमारे १५५ एमबी आणि तासाला जवळपास ५६० जीबी. चार तासांच्या लग्नाला दोन टीबीची हार्ड डिस्कसुद्धा पुरणार नाही.

त्यामुळे कॅमेरा शूटिंग करतानाच हा डोंगर दाबून लहान करतो. दाबायच्या कामाला एन्कोडिंग म्हणतात, दाबण्याच्या पद्धतीला कोडेक आणि प्रत्यक्ष दाबणाऱ्या प्रोग्रामला एन्कोडर. एच.२६४ हा २००३ चा कोडेक आजही सगळीकडे चालतो. एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, २०१३ ला आला आणि एव्ही१ हा २०१८ ला. नवा कोडेक तेवढ्याच दर्जाला कमी जागा घेतो, पण त्याला मेहनत जास्त लागते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ज्याला आपण ‘ओरिजिनल’ म्हणतो ती कॅमेऱ्याची फाइलही आधीच दाबलेली असते. कन्व्हर्ट करतो तेव्हा आपण दाबलेलं उघडून पुन्हा दाबतो आणि दर वेळी थोडं काहीतरी कायमचं जातं.

एन्कोडर नेमकं काय गाळतो?

स्टेजवर सत्कार चाललाय असं समजा. मागची फुलांची सजावट, सोफे, वर-वधूंच्या नावांचा बोर्ड, यातलं काहीच हलत नाही. मग प्रत्येक फ्रेममध्ये तेच पुन्हा कशाला लिहायचं? एन्कोडर एक फ्रेम पूर्ण लिहितो. तिला की-फ्रेम म्हणतात. पुढच्या फ्रेममध्ये तो फक्त बदल लिहितो: हा चौकोन जागेवर आहे, तो चौकोन थोडा उजवीकडे सरकलाय, या चौकोनात नवीन काहीतरी आलंय. एच.२६४ मध्ये हे चौकोन १६ बाय १६ ठिपक्यांचे असतात. एच.२६५ मध्ये ते ६४ बाय ६४ पर्यंत आणि एव्ही१ मध्ये १२८ बाय १२८ पर्यंत मोठे होऊ शकतात. म्हणून नवे कोडेक सपाट भिंत किंवा आकाश फारच कमी जागेत मावतं करतात.

चौकोनाच्या आतही छाटणी होते. डोळ्याला फिकट-गडद चटकन कळतं, रंगांतला बारीक फरक कमी कळतो. म्हणून रंगांची माहिती सुरुवातीलाच कमी केली जाते आणि बारीक पोत मग गरजेप्रमाणे गाळला जातो.

आता मंगलाष्टकं आठवा. ‘सावधान’ म्हटलं की शेकडो हातांतून अक्षता उडतात. हवेतला एकेक दाणा पुढच्या फ्रेममध्ये भलत्याच ठिकाणी असतो आणि वेगळ्या कोनात चमकतो. मागच्या फ्रेममधून उचलावं असं एन्कोडरला काही सापडत नाही. त्यातच दहा मोबाइलचे फ्लॅश उडतात आणि अख्ख्या फ्रेमचा उजेड बदलतो. या क्षणी एन्कोडरला नेहमीच्या कितीतरी पट जागा हवी असते. ती मिळाली नाही तर तो सगळ्यांच्याच वाट्यातून कापतो. ही फ्रेम थांबवून पाहा. अंतरपाटावरचं स्वस्तिक कडांना विरघळलेलं दिसतं, शालूच्या जरीचा एकच पिवळा पट्टा झालेला असतो आणि नवरीच्या गालावर चौकोनांच्या रेघा दिसतात. दोन सेकंदांनी अक्षता खाली पडल्या की चित्र आपोआप निवळतं.

रामकुंडाचं पाणी, रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे जमिनीतल्या रंगाच्या हौदात, उड्या मारणारी पोरं आणि उसळणारा रंग, ढोलपथकाभोवतीचा गुलाल, हे सगळं याच जातीचं. नाशिकमध्ये जे जे डोळे भरून शूट करावंसं वाटतं, नेमकं तेच एन्कोडरला सगळ्यात जड जातं. रात्रीच्या लॉन्सवर कमी उजेडात काढलेल्या चित्रात जे बारीक दाणेदार कण दिसतात तेही असेच. आपल्याला ते नको असतात, पण एन्कोडर त्यांना खरा तपशील समजून जागा देत बसतो.

बिटरेट म्हणजे काय?

सेकंदाला किती माहिती खर्च करायची, तो दर म्हणजे बिटरेट. तो मेगाबिटमध्ये मोजतात आणि ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट. ८ मेगाबिटचा व्हिडिओ सेकंदाला १ एमबी खातो, म्हणजे तासाला ३.६ जीबी. कॅमेऱ्यात ५० मेगाबिटवर शूट केलं असेल तर तासाला साडेबावीस जीबी. फाइलची साइज म्हणजे बिटरेट गुणिले वेळ. यात चित्र किती सुंदर आहे, ४के आहे की एचडी, कोडेक कोणता, याचा थेट संबंधच येत नाही. ८ मेगाबिटवर ४के आणि ८ मेगाबिटवर एचडी यांची साइज सारखीच येणार. फक्त ४के मध्ये तेवढीच माहिती चौपट ठिपक्यांत वाटली जाणार.

‘मग बिटरेट वाढवत नेला की क्वालिटी वाढत जाईल ना?’ असं विचारणारे खूप भेटतात. एका मर्यादेपर्यंत वाढते. मूळ फाइलमध्ये जे नाहीच ते मात्र कुठल्याही बिटरेटने येत नाही. वर्गात फळ्यासमोर उभ्या असलेल्या शिक्षकांच्या व्हिडिओला ३ मेगाबिटसुद्धा पुरतात, त्याला २० देणं म्हणजे डिस्क भरणं. उलट रहाडीच्या व्हिडिओला ८ कमी पडतील. सगळ्या प्रसंगांना एकच आकडा लावणं हीच मोठी चूक आहे आणि तिच्यावर उपाय आहे.

आकडा दर्जाचा द्या, साइजचा नको

हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. त्यात फाइल उघडून ‘व्हिडिओ’ टॅबवर गेलात की दोन पर्याय दिसतात: ‘कॉन्स्टंट क्वालिटी’ आणि ‘ॲव्हरेज बिटरेट’. पहिला निवडला की एन्कोडरला आपण सांगतो, ‘दर्जा एवढा ठेव, जागा लागेल तेवढी घे.’ मग तो सत्काराला कमी आणि अक्षतांना भरपूर जागा देतो.

त्याखालच्या पट्टीवर आरएफ नावाचा आकडा असतो. हा उलटा चालतो: आकडा लहान तर दर्जा जास्त आणि फाइल मोठी. एच.२६४ ला ही पट्टी ० ते ५१ आहे. फुल एचडीला २० ते २४ मध्ये कुठेही ठेवा, ४के ला २२ ते २८ चालतो. मी लग्नाच्या व्हिडिओला २० सांगतो, कारण ते पुन्हा शूट होणार नाही. भाषण, क्लासचं लेक्चर यांना २४ ठीक.

इथे एक सावधगिरी हवी. हा आकडा एका एन्कोडरचा दुसऱ्याला लागू होत नाही. एच.२६४ चा २२, एच.२६५ चा २२ आणि ग्राफिक्स कार्डावरचा २२ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. एव्ही१ ची तर पट्टीच ६३ पर्यंत जाते. ‘एच.२६५ खराब निघालं’ असं सांगणाऱ्या अनेकांनी फक्त आकडा तोच ठेवून तुलना केलेली असते.

‘पण मला फाइल ठरलेल्या साइजमध्येच बसवायची आहे.’ हरकत रास्त आहे, कारण दर्जाच्या पर्यायात साइज आधी कळत नाही. अशा वेळी ॲव्हरेज बिटरेट निवडा आणि मल्टी-पास चालू करा. एन्कोडर पहिल्या फेरीत फक्त अवघड जागा हेरतो आणि दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे वाटणी करतो. हिशोब असा: जीबीला ८००० ने गुणा आणि सेकंदांनी भागा. दीड तासाचा कार्यक्रम ३.८ जीबीत हवा असेल तर ३.८ गुणिले ८००० भागिले ५४००, म्हणजे साधारण साडेपाच मेगाबिट. यातच आवाजही आला.

टीव्ही फाइल का घेत नाही?

एमपी४, एमकेव्ही, एमओव्ही, एव्हीआय हे कोडेक नाहीत. हे बाहेरचे खोके. द्राक्षाच्या पेटीवर बागेचं नाव असतं, पण आत थॉमसन आहे की सोनाका हे पेटी उघडल्यावरच कळतं, तसंच हे. एमपी४ मध्ये एच.२६४ असू शकतो, एच.२६५ असू शकतो, एव्ही१ सुद्धा असू शकतो. चित्र एका कोडेकचं आणि आवाज दुसऱ्याचा, हे तर नेहमीचंच. म्हणून काकू म्हणतात, ‘अरे, माझ्या फोनवर लागतं, टीव्हीवर का नाही?’ फोनला एच.२६५ येतो, बऱ्याच जुन्या टीव्हींना येत नाही. टीव्हीवर चित्र येऊन आवाज येत नसेल तर आवाजाचा कोडेक त्याला समजत नाही.

आत काय आहे ते पाहायला व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये फाइल चालू करून कंट्रोल आणि जे दाबा. चित्राचा आणि आवाजाचा कोडेक लगेच दिसतो. चित्र एच.२६४ असेल आणि फक्त खोकं चुकीचं असेल तर पुन्हा एन्कोड करायची गरजच नाही. माल तोच ठेवून खोकं बदलता येतं, त्याला रीमक्स म्हणतात. एफएफएमपेग किंवा लॉसलेसकटसारखं मोफत सॉफ्टवेअर हे काही मिनिटांत करतं आणि दर्जा तसूभरही जात नाही. हँडब्रेकला हे जमत नाही. तो चित्र प्रत्येक वेळी नव्यानेच एन्कोड करतो.

पेनड्राइव्हचीही एक अडचण असते. तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही, पेनड्राइव्ह ६४ जीबीचा असला तरी. एक्सफॅट केला तर बसते, पण काही जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत. तिथे लग्नाचे विधींप्रमाणे तुकडे करणं बरं: हळद, सीमांतपूजन, लग्न, पंगत. पाहणाऱ्यालाही ते सोयीचं पडतं.

नातेवाइकांच्या जुन्या टीव्हीसाठी द्यायचं असेल तर एमपी४ खोकं, एच.२६४ चित्र, एएसी आवाज, फुल एचडी. बहुतेक सगळीकडे चालतं.

ग्राफिक्स कार्डवर दहा मिनिटांत होतं, मग रात्रभर कशाला?

एन्कोडर जितका वेळ शोधत बसेल तितकी बचत त्याला सापडते. ‘हा चौकोन आधी कुठे होता?’ याचं उत्तर तो चार ठिकाणी पाहून देऊ शकतो किंवा चारशे. हँडब्रेकमधली ‘एन्कोडर प्रीसेट’ची पट्टी हेच ठरवते. ‘अल्ट्राफास्ट’ला तो घाईत असतो, ‘स्लो’ला कसून शोधतो. ‘स्लो’च्या पुढे वेळ भरमसाट वाढतो आणि फायदा डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे मी पुढे जात नाही.

ग्राफिक्स कार्डात किंवा इंटेलच्या प्रोसेसरमध्ये एन्कोडिंगसाठी वेगळी चिप-रचना असते. इंटेलचं क्विक सिंक २०११ ला आलं, एनव्हीडियाचं एनव्हीएन्क २०१२ ला. ठरावीक काम ती प्रचंड वेगाने करते, पण शोधाला तिथे मर्यादा असते. म्हणून तेवढाच दर्जा हवा असेल तर फाइल बहुधा मोठी होते. नव्या कार्डांत हा फरक बराच कमी झालाय. माझं मत विचाराल तर: यूट्यूबवर टाकायचंय, उद्या सकाळी क्लायंटला दाखवायचंय, तर खुशाल ग्राफिक्स कार्ड वापरा आणि बिटरेट सढळ ठेवा. कायम जपून ठेवायची प्रत मात्र प्रोसेसरवरच करा.

कार्ड घेऊनही वेग वाढला नाही अशी तक्रारही ऐकू येते. मूळ फाइल उलगडणं, साइज बदलणं, कण काढण्याचे फिल्टर, हे बरंचसं काम प्रोसेसरवरच चालतं. तिथे गाडी अडली तर चिप रिकामी बसते. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये जीपीयूखाली (म्हणजे ग्राफिक्स कार्डाखाली) ‘व्हिडिओ एन्कोड’चा आलेख पाहिला की ते कळतं.

प्रोसेसर १०० टक्क्यांवर जाणं यात बिघाड नाही. एन्कोडिंगचं कामच तसं आहे. पण एप्रिल-मेच्या उन्हात लॅपटॉप गादीवर ठेवू नका. गरम झालेला प्रोसेसर स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो आणि तासाभराचं काम दोन तासांवर जातं.

कन्व्हर्ट केल्यावर फाइल मोठी कशी झाली?

हे सगळ्यात चक्रावून टाकणारं. २०१७ पासून बरेच आयफोन, आणि नंतर इतर फोनही, एच.२६५ मध्ये शूट करतात. म्हणजे फाइल आधीच घट्ट दाबलेली. ती तुम्ही एच.२६४ मध्ये आरएफ १८ ला टाकली तर तुम्ही म्हणताय, ‘जुन्या पद्धतीने, पण सगळं जपून लिही.’ एन्कोडर मूळ फाइलमधले दोषही तपशील समजून इमानदारीने जपतो आणि फाइल फुगते. व्हॉट्सॲपवरून आलेल्या व्हिडिओचंही तेच. त्याला पुन्हा एन्कोड करून मिळवण्यासारखं काही उरलेलंच नसतं. चांगली प्रत हवी असेल तर पाठवणाऱ्याला तोच व्हिडिओ ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. २ जीबीपर्यंत जातो आणि वाटेत दाबला जात नाही.

शेवटी शेवटी आवाज मागे का पडतो?

कीर्तन फोनवर तासभर रेकॉर्ड केलं. सुरुवातीला ओठ आणि शब्द जुळतात, शेवटी बुवांचा हात टाळीला खाली येतो आणि टाळी नंतर ऐकू येते. कारण असं की फोन सेकंदाला नेमक्या ३० फ्रेम घेत नाही. उजेड कमी झाला, फोन तापला, तर कमी घेतो. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. एडिटिंग सॉफ्टवेअर ३० धरून चालतं आणि फरक साचत जातो. एडिटिंगला घेण्याआधी हँडब्रेकमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून प्रत काढली की हे दुखणं बहुतेक वेळा जातं.

जुन्या कॅसेटचं लग्न ४के करता येईल का?

मिनी-डीव्ही कॅसेटचं चित्र ७२० बाय ५७६ असतं आणि तासाला सुमारे १३ जीबी होतं. ४के केलं तर ठिपके वाढतील, तपशील येणार नाही. त्यापेक्षा दुसरीकडे लक्ष द्या. त्या काळी एका फ्रेमच्या एकाआड एक रेघा दोन वेगळ्या क्षणी टिपल्या जात. त्याला इंटरलेस म्हणतात. म्हणून कॉम्प्युटरवर हलत्या हाताला कंगव्यासारखे दात दिसतात. हँडब्रेकच्या ‘फिल्टर्स’ टॅबमधला डीइंटरलेस ते काढतो. हे एन्कोडिंगच्या वेळीच करायला हवं. दात चित्रात पक्के बसले की नंतर नीट निघत नाहीत. आणि डिजिटल झालं म्हणून कॅसेट टाकू नका.

पैसे भरलेलं सॉफ्टवेअर जास्त चांगलं एन्कोड करतं का?

बऱ्याचदा आतलं इंजिन तेच असतं. २००० साली सुरू झालेलं एफएफएमपेग आणि एच.२६४ साठीचं एक्स२६४ ही दोन्ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत आणि मोफत-विकत अशा असंख्य कन्व्हर्टरच्या पोटात तीच चालतात. हँडब्रेकही एक्स२६४ च वापरतो. पैसे तुम्ही सोयीचे, मदतीचे आणि एडिटिंगशी जोडणीचे मोजता. ते तुम्हाला हवं असेल तर जरूर मोजा. ‘क्वालिटी कमी न करता ९० टक्के लहान’ असं कुणी म्हणत असेल तर मात्र वरचा अक्षतांचा प्रसंग त्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघा.

डाउनलोड हँडब्रेक डॉट एफआर या अधिकृत साइटवरूनच करा. नावाशी मिळत्याजुळत्या साइट असतात. मे २०१७ मध्ये तर हँडब्रेकच्याच एका डाउनलोड सर्व्हरवर कुणीतरी घुसून मॅकच्या फाइलमध्ये मालवेअर घातलं होतं. म्हणून साइटवर दिलेला चेकसम, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळायचा सांकेतिक आकडा, ताडून पाहण्याची सवय चांगली.

वीज गेली तर? आणि मूळ फाइल कधी काढून टाकायची?

एमपी४ ची अनुक्रमणिका साधारणपणे फाइल पूर्ण होताना, शेवटी लिहिली जाते. नव्वद टक्के काम होऊन वीज गेली तर ती फाइल उघडतच नाही. एमकेव्ही अर्धवट राहिली तरी तिथपर्यंतचं चालतं. म्हणून स्क्रीन रेकॉर्डिंग किंवा लाइव्ह कार्यक्रम एमकेव्हीत रेकॉर्ड करावा आणि नंतर रीमक्स करून एमपी४ करावा.

लांब काम लावण्याआधी सगळ्यात अवघड अशी तीस सेकंदं निवडा. लग्नात मंगलाष्टकांचा शेवट, सिंहस्थात घाटावर उसळलेली गर्दी आणि पाणी. तेवढंच एन्कोड करून ज्या टीव्हीवर पाहायचंय त्याच टीव्हीवर पाहा. तिथे चेहरे स्वच्छ दिसले तर बाकीचा व्हिडिओ निश्चिंतपणे लावा.

मूळ फाइल काढायची घाई करू नका. नवी फाइल सुरुवात, मध्य आणि शेवट अशी तीन ठिकाणी उघडून पाहा, आवाज जुळतोय का ते शेवटच्या पाच मिनिटांत तपासा. घरातले सिनेमे, मालिका, क्लासची लेक्चर्स यांच्या मूळ फाइल त्यानंतर काढायला हरकत नाही. लग्न, बारसं, आजी-आजोबांचं बोलणं यांच्या मात्र मूळ फाइल दुसऱ्या एखाद्या हार्ड डिस्कवर, आणि शक्य झालं तर दुसऱ्या घरात ठेवा.